कोट घरात होता

माझा धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करतो. आता ‘करायचा’ म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही.

कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की हा आधी माणसांकडे बघायचा नाही, लिफ्टकडे कान लावायचा. एकदा आम्ही ओळखीतल्या एकाच्या मयताला गेलो होतो. वर घरात रडारड चाललेली, आणि हा जिन्यापाशी थांबून मला हळूच म्हणतो, “वहिनी, हिचं दार लवकरच अडकणार बघा.” मी म्हटलं, “भावजी, आज माणूस गेलंय. दाराचं उद्या बघू.” तर ओशाळला, पण वर जाताना जिन्यानेच गेला. ज्या लिफ्टवर भरवसा नाही तिच्यात तो पाय ठेवायचा नाही, मग सातवा मजला का असेना. त्याच्या मागून माझे गुडघे बिचारे आईला हाका मारत चढले.

अंगाने काटकुळा, नखांत कायमचं काळं वंगण, आणि बोलणं मोजकं. कामाचं मात्र विचारा, की सुरू. एकदा त्याने मला लिफ्टचं गुपित समजावून सांगितलं होतं. मी शाळा कमी आणि चूल जास्त बघितलेली, तरी मला ते कळलं, म्हणजे त्याने नीटच सांगितलं असणार. लिफ्टच्या दाराला म्हणे दोन ठिकाणी खूण असते. दोन्ही खुणा म्हणाल्या ‘दार लागलं’, तरच लिफ्ट हलते. एकीनेही कुरकुर केली की जागच्या जागी उभी. “संशय आला की थांबायचं,” तो म्हणायचा. “आत अडकलेले शिव्या देतात. देऊ देत. शिव्या खाऊन कुणी मरत नाही.”

पण दुरुस्ती करताना कधीकधी दार उघडं ठेवून लिफ्ट हलवून बघावी लागते. तेव्हा ही माणसं एक बारीक तारेचा तुकडा जोडतात, की त्या खुणेचं तोंड बंद. दार सताड उघडं असलं तरी लिफ्टला वाटतं, लागलंय. याला ते ‘तार टाकणं’ म्हणतात. काम झालं की तार काढायची. जो विसरला त्याने माणूस मारलाच समजा, कारण लिफ्ट निघून जाते, दार उघडंच राहतं, आणि कुणीतरी बोलता बोलता पोकळीत पाय टाकतं. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे गोट्या म्हणतात आणि जो आता स्वतः आजोबा झालाय, एकदा अशी तार विसरला होता. कुणी पडलं नाही, नशीब. पण माझ्या या गरीब दिराने त्याला गचांडी धरून भिंतीशी उभा केला. त्यानंतर धाकटीने, म्हणजे याच्या बायकोने, माझ्या जावेने, याच्या तारेला लाल लोकरीचा हा एवढा थोरला गोंडा करून दिला. हत्यारांच्या पेटीत तो गोंडा नसला की तार लिफ्टमध्येच राहिली, हे लांबूनच कळावं. गोट्या म्हणायचा, “वहिनींनी तारेला शेपूट लावलं. आता विसरलो तर ही भुंकणार.”

धाकटी लाँड्रीत इस्त्रीवर होती. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी, ढिगांनी. लाँड्री आमच्या गल्लीपासून जवळच, कालव्याच्या अंगाला, मागच्या बाजूला पत्र्याचं शटर असलेली. आत वाफ इतकी की भर थंडीतही बायका बाह्या वर करून काम करायच्या. धाकटीचे दंड पैलवानासारखे आणि जीभ त्याहून दणकट. बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. लग्नात मला म्हणाली होती, “ताई, तुमचे दीर दिवसभर लिफ्ट वरखाली करतात, तरी अजून तळमजल्यावरच राहतात.” आम्ही सगळे हसलो, आणि हा नवरदेव सगळ्यात शेवटी हसला, कारण त्याला उशिरा कळलं.

लाँड्री बंद पडली तेव्हा तिचं काम सुटलं. त्या दिवशी त्याने तिला एक कोट आणला. तपकिरी, मोठ्या बटणांचा, गुडघ्याखाली येणारा. आयुष्यभर वाफेत राबलेल्या बाईला कोट! ती आधी खूप हसली आणि मग तो कोट तिच्या अंगावरून उतरेना. कचरा टाकायला गेली तरी कोट. उन्हाळ्यात निदान खांद्यावर टाकलेला. “चोर आला तर आधी कोट नेईल,” म्हणायची, “म्हणून मी अंगावरच ठेवते. मलाही नेलं तर नेलं.”

मग तिचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. किल्ल्या फ्रिजमध्ये, दूध कपाटात. मग एका दुपारी मी गेले तर ती उशीचा एकच अभ्रा इस्त्री करत उभी, तो तांबूस होऊन करपायला आलेला, आणि ती म्हणते, “ताई, आज ढीग संपतच नाही हो.” त्या दिवशी मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते मला सांगता येणार नाही. मला एवढं कळलं की ही वाट उतरणीची आहे आणि परत चढायची नाही.

आणि मग ती हरवली. पाव आणायला म्हणून गेली आणि संध्याकाळी बस डेपोत, उभ्या करून ठेवलेल्या रिकाम्या बसमध्ये, खिडकीपाशी सापडली. तिकीट हातात घट्ट धरलेलं. ते तिकीट नव्हतंच, पावाच्या दुकानाची पावती होती.

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली. ही माझ्या दिराची एकुलती एक. आली तीच पदर खोचल्यासारखी भांडायला उभी.

“बाबा, आईला संस्थेत ठेवू या. तिथे बघणारी माणसं असतात.”

“माझ्या घरात मी आहे.”

“तुम्ही दिवसभर लिफ्टच्या विहिरीत! घरात कोण आहे? मोठी आई? तिचे गुडघे तिचं स्वतःचं ऐकत नाहीत.”

मी म्हटलं, “माझ्या गुडघ्यांना मध्ये ओढू नकोस बाई. ते आपणहून कुठे येत नाहीत.”

कुणी हसलं नाही. धाकटी मात्र खुर्चीत बसून आमच्या तोंडांकडे पाळीपाळीने बघत होती. ती हलकेच मला म्हणाली, “कुणाला न्यायचंय, ताई?”

ते ऐकून माझा दीर उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा राहून म्हणाला, “काम सोडलं तर खायचं काय? आणि हिला तिथे ठेवली तर मला कशाला खायचंय? मी घरात व्यवस्था करतो. ही दाराबाहेर पडली की मला कळेल. तुलाही कळेल, तुझ्या फोनवर.”

 लेक म्हणाली, “ठीक आहे. पण पुन्हा हरवली, तर मी विचारायला येणार नाही. न्यायला येईन.”

ही अट. पुढचं सगळं या अटीवर लटकलेलं.

व्यवस्था म्हणजे एक पांढरी डबी. भिंतीवर बसवलेली, साबणाच्या वडीएवढी. तिच्याशी घरातले दिवे जोडले, शेगडी, हीटर, रेडिओ, पुढच्या दाराचं कुलूप, सगळं. धाकटीच्या झग्याला मी आतून खिसा शिवून दिला आणि त्यात तिचा फोन. फोन घरातल्या वायफायला धरून असला की डबी समजणार, बाई घरात. फोनचा हात सुटला की समजणार, बाई गेली. मग शेगडी बंद, हीटर बंद, दिवे बंद, दाराला कुलूप, आणि दिराच्या नि लेकीच्या फोनवर निरोप: आई घराबाहेर.

मी म्हटलं, “भावजी, सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं होतं, कोण आलं कोण गेलं विचारणारं आता कुणी उरलं नाही. तुम्ही तर भिंतीतच नवी सासू बसवलीत.”

तो म्हणाला, “ही टोमणे मारत नाही.”

मारत नव्हती, पण चुकत होती. पहिल्याच आठवड्यात त्याला कामावर निरोप आला, आई घराबाहेर. तो अर्धं काम टाकून, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये टांगती ठेवून पळत आला. बघतो तर घर अंधारं, गार, दाराला कुलूप, आणि आत धाकटी दाराच्या मुठीला दोन्ही हातांनी धरून उभी. ती कुठेच गेली नव्हती. तिचा फोन खिशात झोपला होता. फोन म्हणे वापरला नाही की बॅटरी वाचवायला डुलकी काढतो, आणि डुलकीत वायफायचा हात सोडतो. घराला वाटलं ती गेली, म्हणून घराने दिवे मालवले आणि तिला कोंडलं.

“मला आत ठेवून सगळे गेले,” ती सांगत राहिली. त्या आठवड्यात तिने त्याचा शर्ट सोडला नाही. संडासात गेला तरी दाराबाहेर उभी.

त्याने पहिलं काम केलं ते कुलूप काढलं. “दार आतून कधीच अडायला नको. हे मला कळायला हवं होतं,” म्हणाला. मग फोनच्या मागे लागला. सुट्टीच्या दिवशी जमिनीवर फतकल मारून बसायचा, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावलेला. बॅटरी वाचवायचं बंद केलं. फोन झोपणार नाही अशी सोय केली. तर तो तापायला लागला आणि दुपारपर्यंत मान टाकायला लागला. मेलेला फोन काय आणि घराबाहेरचा फोन काय, डबीला सारखाच. पुन्हा निरोप, पुन्हा अंधार.

मग त्याने वायफाय सोडून नकाशावर भरवसा ठेवला. फोनला आकाशातून कळतं म्हणे आपण कुठे आहोत. पण घर तळमजल्यावर, भिंती जाड, समोर उंच इमारती. तिथून आकाश मलाच दिसत नाही, फोनला कुठून दिसणार? फोन अंदाजाने ठोकून द्यायचा. एकदा मी तिच्यासमोर बसून चहा पीत होते आणि दिराचा फोन मला: “वहिनी, ही कालव्यात आहे!”

“कालव्यात नाही, कपात आहे,” मी म्हटलं. “पाव बुडवतेय.”

त्याने फोन ठेवून दिला. तो विनोदाला हसण्याच्या पलीकडे गेला होता.

त्याने नकाशावर घराभोवतीचं रिंगण मोठं केलं, तर त्यात पावाचं दुकान आणि बस थांबा दोन्ही आले. मग ती बस पकडेपर्यंत घर म्हणणार, आहे. लहान केलं, तर स्वयंपाकघरातून न्हाणीघरात गेली तरी घर म्हणणार, गेली. थोडा वेळ थांबून मगच निरोप द्यायचा असंही करून पाहिलं. सगळं करून झालं. आणि प्रत्येक खोट्या निरोपाला लेकीचा फोन ठरलेला: “बाबा, आई कुठाय?” “घरात आहे गं.” “मग हे असं का येतंय?” “फोन चुकतोय.” “फोन चुकतोय की तुम्ही लपवताय?”

कामावरचे साहेबही म्हणाले, “मिस्तरी, लिफ्ट अर्धी टाकून पुन्हा पळालात तर परत येऊ नका.”  मला दिसत होतं, माणूस आतून झिजत चाललाय. खोट्या निरोपांनी त्याला असं केलं होतं की खरा आला असता तरी त्याचे पाय उचलले नसते.

मग एक दिवस तो माझ्याकडे बटणाएवढा एक चपटा बिल्ला घेऊन आला. “वहिनी, हा हिच्या कोटाच्या खालच्या दुमडीत शिवून द्या. हा झोपत नाही. याची बॅटरी वर्षभर चालते. घरात असला की डबीला सारखा सांगत राहतो, मी इथे आहे, मी इथे आहे.”

“आणि फोन?”

“फोनही असू दे. दोघांपैकी एकाने जरी म्हटलं घरात, तर ती घरात. दोघंही म्हणाले गेली, तरच निरोप.”

मी दुमड उसवली, बिल्ला आत ठेवला आणि बारीक टाके घातले. कोट निवडला तो बरोबरच होता. कोटाशिवाय ती उंबरा ओलांडत नाही, हे मला, त्याला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि घर शांत झालं. एकही खोटा निरोप नाही. फोन झोपला तरी बिल्ला जागा. संध्याकाळी अंधारलं की तिच्या खोलीतला दिवा लागायचा, रेडिओ हळू वाजायचा. माझी खोली समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. तिच्या खिडकीत दिवा लागलेला मला दिसायचा आणि मीही माझा दिवा लावायची. लेकीचा सूरही मवाळ झाला. दीर थोडा अंगाला लागला. एकदा तर जेवताना आपणहून बोलला.

फक्त एक होतं. धाकटी अलीकडे खुंटीवरच्या कोटाकडे बघून विचारायची, “ताई, हा कुणाचा कोट?”

“तुझाच की गं.”

“माझा कुठला? कुणी पाहुणी विसरून गेली वाटतं. चांगला दिसतोय. शोधत असेल बिचारी.”

आम्ही समजूत घालायचो, ती हो म्हणायची आणि कोट घालायची. दीर हसून म्हणायचा, “पाहुणी आली तर मी दुसरा घेऊन देईन.” तिचं मन मागे मागे चाललं होतं. लेकीच्या जन्माच्या, लग्नाच्या, लाँड्रीतल्या तरुणपणाच्या दिवसांत. त्या दिवसांत हा कोट अजून विकत घेतलेलाच नव्हता. हे आता कळतं. तेव्हा एवढंच वाटायचं की आज विचारते, उद्या विसरेल.

तो दिवस थंडीचा होता. सकाळी ऊन, दुपारनंतर गारठा आणि बोचरी भुरभुर. दीर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीच्या लिफ्टवर होता. दुपारी त्याने विहिरीतून वर येऊन फोन बघितला. ‘घरात.’ त्याने डबा खाल्ला. पुन्हा बघितला. ‘घरात.’ मी अंधारताना खिडकीतून बघितलं, तिच्या खोलीतला दिवा लागला. मीही माझा लावला.

तो घरी आला. घर उबदार, रेडिओ चालू, दिवे लागलेले. खुंटीवर कोट. “अगं,” त्याने हाक मारली. त्याला वाटलं, न्हाणीघरात असेल. चपला काढल्या, हात धुतले, पुन्हा हाक मारली. घर इतकं भरल्यासारखं होतं की ते रिकामं आहे हे कळायला त्याला वेळ लागला.

मग तो माझ्या दारात. बिनटोपीचा, मोज्यांवर. “वहिनी, ही तुमच्याकडे?”

“नाही. अहो, दिवा तर लागलाय.”

त्याने हातातला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर अजून तेच: ‘आई घरात’. आम्ही दोघं रस्ता ओलांडून त्याच्या घरात गेलो. तो खुंटीपाशी थांबला. कोटाची खालची दुमड त्याने चिमटीत धरली आणि दाबून बघितली. बिल्ला होता, जिथे मी शिवला होता तिथेच. बिल्ला काही खोटं बोलला नव्हता. तो कोटात होता आणि कोट घरात होता.

मग त्याने नकाशा उघडला. बिल्ला आल्यापासून तिचा फोन काय म्हणतो हे बघायचं त्याने सोडूनच दिलं होतं. फोनची खूण लाँड्रीच्या मागच्या अंगाला होती. आणि ती सकाळपासून तिथेच होती. इतके दिवस घोळ घालणारा फोन त्या एका दिवशी अगदी खरं सांगत होता, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

तो पळाला. मी भिंतींना धरत मागून निघाले. मी पोचले तेव्हा तो पत्र्याच्या शटरपुढच्या पायरीवर बसला होता आणि धाकटी त्याच्या मांडीवर. अंगावर घरातला झगा, पायांत सपाता, बाह्या दंडापर्यंत वर केलेल्या. ओठ निळे. एक पाय वेडावाकडा पडलेला. ओल्या पायरीवरून ती घसरली होती आणि तिथेच पडून राहिली होती. शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, “ताई, आज फाटक उघडायला फार उशीर केला यांनी. पाळीचा पगार कापतील माझा.”

खुबा मोडला होता. छातीत गारठा भरला होता. दवाखान्यात पुष्कळ दिवस गेले. जगली. पण उठून चालायची ती राहिलीच, आणि बोलणंही अर्ध्यावर सुटायला लागलं. ज्या जिभेचा हात कुणी धरू शकत नव्हतं ती शब्द शोधत तोंडातल्या तोंडात फिरायची.

लेक आली. मी मनाची तयारी केली होती की आता घर डोक्यावर घेणार. तिने आवाजही चढवला नाही. बापाच्या शेजारी बाकावर बसली. शेवटी तोच म्हणाला, “घेऊन जा. मी अट मोडली.”

“बाबा, तसं नाही…”

“तसंच आहे. तू फोन केले की मला वाटायचं, निरोप बंद व्हायला हवेत. ती घरात राहायला हवी असं वाटायचं राहून गेलं.”

संध्याकाळी आम्ही दोघंच होतो तेव्हा तो मला म्हणाला, “वहिनी, दोघांपैकी एकाने संशय घेतला की थांबायचं. मी उलटं केलं. एकाने जरी आहे म्हटलं की पुढे. मी घरात तार टाकली. आणि काढायची राहिली.”

 त्याला म्हणावं, तुमचं चुकलं नाही, तर तो लिफ्टचा माणूस, त्याला कळतंय. म्हणावं चुकलं, तर माझीच जीभ झडो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ म्हणजे नुसती हाडं.

धाकटीला संस्थेत ठेवली. दीर एकदा कामावर गेला, आणि लिफ्ट दुरुस्त करून झाल्यावर त्याला ती चालू करवेना. पेटी उघडून तार आहे का बघायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. गोंडा समोर दिसत असून. शेवटी गोट्याने त्याच्या हातून पेटी घेतली आणि त्याला घरी सोडलं. साहेब म्हणाले, थोडे दिवस आराम करा, मग या. हा म्हणाला, “माझ्या हाताची मला खात्री राहिली नाही. बिनखात्रीच्या लिफ्टमध्ये मी कुणाला बसवत नाही.” पेटी गोट्याकडेच राहिली.

तो एकटा राहायला लागला. मी खिडकीतून बघायची. अंधारलं की धाकटीच्या खोलीत दिवा लागायचा. रेडिओ वाजायचा. कोट खुंटीवर, म्हणून घराच्या लेखी दोघं घरात. ती डबी बंद करायला त्याला एक बोट पुरलं असतं. त्याने केली नाही. मीही विचारलं नाही. प्रत्येकाचं एक दुखणं असतं, तिथे दुसऱ्याने बोट लावू नये.

पण मग संस्थेतल्या बाईंचा निरोप आला. खोल्या गार आहेत, त्यांना बागेत चाकाच्या खुर्चीवरून फिरवतो, काहीतरी गरम द्या. त्याने स्वेटर नेला. मग माझी शाल नेली. मग पांघरूण. प्रत्येक वेळी काहीतरी दुसरंच. बाई पुन्हा म्हणाल्या, अंगभर काही नाही का? थंडी पायांकडून लागते त्यांना.

कोटाला हात लावायचं तो टाळतोय, हे मी ओळखून होते. शेवटी एका सकाळी मी त्याच्याकडे गेले आणि खुंटीकडे बोट केलं. “भावजी, भिंतीला थंडी वाजत नाही.”

 मी कात्री सोबत नेली होती. “बिल्ला उसवून देते. तो तुम्ही घरात ठेवा. कोट तिला द्या. कुणाचं काही बिघडत नाही.”

त्याने कोट खाली काढला. झटकला. हातावर घडी घालून घेतला. “नको,” म्हणाला. “आता कुणाला खोटं बोलायला लावायचं नाही.”

आम्ही निघालो. पावाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर पोचलो तोच त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं, मला दाखवलं. ‘आई घराबाहेर.’ आम्ही बस थांब्यावर येईपर्यंत लेकीचा फोन आला. सवयीने, घाबऱ्या आवाजात, मला शेजारी उभं राहून ऐकू येईल इतक्या मोठ्याने: “बाबा, मला निरोप आलाय. आई बाहेर गेली म्हणून!”

“हो,” तो म्हणाला. “आज बरोबर आहे.”

 त्याने फोन कानावरून काढला नाही. बस आली तेव्हा मीच त्याला कोपराला धरून चढवलं.

संस्थेत धाकटी खिडकीपाशी होती. त्याने तिला उभी न करता, एक हात, मग दुसरा हात, असा कोट घातला. मोठी बटणं एकेक लावली. पायांवरून खाली ओढून घेतला. तिने बाहीवरून हात फिरवला. हाताला कापडाची पारख अजून आहे. चेहऱ्यावर कौतुक आलं.

“कुणाचा हो हा?”

“तुझा.”

“माझा कुठला?” तिने शब्द शोधला, सापडला. “पाहुणीचा आहे. ती न्यायला आली तर?”

माझा दीर तिच्यापुढे जमिनीवर बसला होता. शेवटचं बटण त्याच्या बोटांत राहिलं होतं.

“नाही यायची ती,” तो म्हणाला, आणि बटण लावलं.